गुपचूप कोणाशी बोलायची

काम अगदी साधं होतं. एका पत्त्यावर जायचं, बेल वाजवायची आणि विचारायचं, 'तुमची मुलगी कशी आहे?' बस, एवढंच. अनोळखी दाराची बेल वाजवायला मला कधीच संकोच वाटला नाही. छत्तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचलेत मी. गल्लीतली कुत्रीसुद्धा मला बघून भुंकायची नाहीत, नुसती कूस बदलायची. पण त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून मी खाली उतरलो ना, तो कठडा धरून उतरलो.

ए, तो मोबाइल उलटा ठेव बघू. आणि दाराजवळ बसलेले तुम्ही दोघं, जरा आत सरका. भीती वाटेल म्हणून नाही रे, वारा येतोय.

ही गोष्ट माझ्या पुतणीची. थोरल्या भावाची तिसरी मुलगी. सगळं घर तिला धाकटी म्हणतं, मीही तेच म्हणतो. मी सांगतोय त्यातलं बरंचसं तिनं मला फोनवर सांगितलेलं आहे, आणि शेवटचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. पदरचं काही घालत नाही.

धाकटी बालवाडीत शिकवायची. एक दिवस तिनं घरात जाहीर केलं, मी सहा महिने परदेशात जाते, तिथल्या एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून. भाऊ म्हणाला, "का गं, इथली पोरं संपली का?" आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. निघायच्या दिवशी मात्र स्वतः तिची बॅग तीनदा उघडून तीनदा भरली, आणि प्रत्येक वेळी एक स्वेटर जास्त कोंबला.

अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी ती तिथं पोचली. दुमजली इमारत, लांबच लांब बोळ, गुडघ्याएवढ्या उंचीची हात धुवायची बेसिनं. भिंतीवर कोटांसाठी खुंट्या, आणि खुंटीवर नावाऐवजी चित्रं. कुणाचं बदक, कुणाची छत्री, कुणाची किल्ली. खालच्या मजल्यावर एका खोलीत अकरा लहान खाटा, आणि त्या खोलीला लागून धाकटीची खोली. मध्ये लाकडी भिंत. इतकी पातळ की पलीकडचं मूल शिंकलं तरी हिला कळायचं.

पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी, म्हणजे ते बालगृह ज्या चालवायच्या त्यांनी, तिला एक नियम सांगितला. रात्री साडेआठनंतर कुठल्याही मुलाला उचलून घ्यायचं नाही. जवळ घेऊन झोपवायचं नाही. धाकटीला ते फार लागलं. ती म्हणाली, "पण बाई, मूल रडलं तर?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही सहा महिन्यांनी जाता. ती इथंच राहतात."

धाकटीनं नियम वहीत लिहून घेतला.

पहिला आठवडा तिचा धडपडण्यात गेला. भाषा येत नव्हती. मोठ्यांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भागायचं, पण पोरं तिची भरपूर फिरकी घ्यायची. 'चमचा' म्हणून त्यांनी तिला भलताच शब्द शिकवला, आणि ही बया स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "मला एक स्वच्छ शेळी द्या." स्वयंपाकीण ओट्याला धरून हसली. तेव्हापासून दोघींचं जमलं. पण रात्री खोलीत आली की धाकटी नळ सोडून रडायची. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून.

त्या अकरा मुलांत एक चार वर्षांची मुलगी होती. दीड वर्षाची असताना आलेली. ती बोलायचीच नाही. ऐकू यायचं, सगळं समजायचं, तपासण्या झाल्या होत्या, पण तोंडातून शब्द म्हणून नाही. जेवताना गप्प. पडली तरी गप्प. आणि झोपायची नाही. रात्री-अपरात्री बघावं तर डोळे टक्क उघडे. धाकटीनं मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, गुपचूप.

आता नीट ऐका. तारीख एकोणीस नोव्हेंबर. बुधवारची रात्र. म्हणजे खरं तर गुरुवार लागला होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, कारण धाकटीनं जाग आल्या आल्या घड्याळ बघितलं. जाग कशानं आली? भिंतीपलीकडे कुणीतरी बोलत होतं.

"आलीस?"

मग थोडा वेळ शांत.

"मी झोपले होते. खरंच झोपले होते."

शांत.

"इतके दिवस कुठं होतीस गं?"

धाकटीला वाटलं, आपण स्वप्नात आहोत. कारण हे सगळं मराठीत चाललं होतं.

ती उठली, अनवाणी पलीकडे गेली. दहा मुलं झोपलेली. गुपचूप खाटेवर बसलेली, पायथ्याकडे बघत. चेहरा हसरा. हिला बघितल्याबरोबर आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले. बोळात रात्रपाळीच्या मावशी विणत बसल्या होत्या. धाकटीनं विचारलं, कोण बोलत होतं? मावशी म्हणाल्या, "कुणी नाही. ती लहानगी काहीतरी बरळली झोपेत."

त्यांना ते बरळणंच वाटणार ना. त्यांना कुठं मराठी येतंय!

सकाळी कोट घालताना धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "बटण लावू का गं तुझं?"

पोरीनं मान वर केली. दोन्ही हातांनी हिचा चेहरा धरला. म्हणाली, "तू तिच्या घरची?"

धाकटी मला म्हणाली, "काका, मला रडावं का हसावं तेच कळेना."

मग उलगडा झाला. स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, तुझ्या आधी तुझ्याच देशातली एक मुलगी इथं होती. चांगलं वर्षभर राहिली. या लहानगीला ती सोडायचीच नाही. मोठ्या बाई रागवायच्या, तरी रात्री गुपचूपच्या खाटेजवळ जाऊन बसायची, काहीबाही बोलत राहायची. मे महिन्यात ती परत गेली.

म्हणजे कळलं का तुम्हाला? ते लेकरू मुकं नव्हतं. ते बोलायला शिकलं तेच मुळी मराठीत. ही पोर आपल्या भाषेत बोलत होती आणि सगळ्यांना वाटायचं, बाळ अजून बोबडं बडबडतंय. मग जिच्याशी बोलायचं ती निघून गेली. बोलणंच थांबलं.

पुढचा आठवडा धाकटीच्या आयुष्यातला सगळ्यात छान आठवडा. गुपचूप दिवसभर हिच्या मागे. सोनेरी केस, निळे डोळे, आणि दूध सांडलं की कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "अगं बाई! झालं का आता!" त्या आधीच्या मुलीची लकब उचललेली सगळी. धाकटीनं मला फोनवर ऐकवलं. मी विचारलं, "काय गं, जेवलीस का?" तर पलीकडून उत्तर, "इश्श, कधीच!" मी पोट धरून हसलो.

पण रात्रीचं बोलणं थांबलं नव्हतं. रोज दोन वाजून दहा मिनिटांनी.

एकदा दुपारी कपड्यांच्या घड्या करताना धाकटीनं सहज विचारलं, "रात्री कोणाशी बोलतेस गं?"

"तिच्याशी."

"ती तर तिच्या घरी गेली ना?"

"गेली. जाताना म्हणाली, तू झोपलीस की मी येते. मग मी झोपलेच नाही. ती येईल तेव्हा बघायला." पोरीनं एक मोजा दुसऱ्यात घातला. "म्हणून येत नव्हती. आता मी झोपते. आता येते."

धाकटीनं घडी तशीच खाली ठेवली.

त्या आधीच्या मुलीनं जाताना स्वयंपाकीणबाईंकडे एक चिठ्ठी ठेवली होती, घरच्या पत्त्याची. धाकटीनं मला तो पत्ता पाठवला. "काका, एक काम करशील? तुझ्यापासून तासाभरावर आहे. त्या मुलीला भेट. म्हणावं, तुझी लहानगी बोलायला लागली. एकदा व्हिडिओवर बोल तिच्याशी. तिला बघितलं की हे रात्रीचं वेड जाईल डोक्यातून."

मी गेलो. अठ्ठावीस नोव्हेंबर, दुपारची वेळ. तिसरा मजला. दार आईनं उघडलं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असतील. मी नेहमीच्या सवयीनं मोठ्यानं बोलून गेलो, "नमस्कार ताई, तुमच्या मुलीला भेटायचं होतं. कशी आहे ती?"

त्या दारातून बाजूला झाल्या.

मग माझं लक्ष आतल्या टेबलावर गेलं. फोटो होता. नवीन फ्रेममध्ये.

मला पाणी दिलं त्यांनी. मी मान खाली घालून बसलो. साधा ताप म्हणून सुरू झालं होतं. दहा दिवसांत खेळ आटोपला. शेवटी शुद्ध नव्हती, आई म्हणाल्या, पण एकच धोशा लावला होता. 'ती झोपली असेल. मला जायला हवं. ती झोपली असेल.' कोण झोपली असेल, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला माहीत होतं. पण माझ्या तोंडून ते निघेना.

"कधी झालं, ताई?"

"वीस तारखेला. सकाळी साडेसहाला."

जिना उतरता उतरता मी बोटांवर तिथली वेळ लावून बघितली. इथून साडेचार तास मागे. म्हणजे तेव्हा तिथं रात्रीचे दोन…

म्हणून म्हटलं, कठडा धरून उतरलो.

काय रे? पाणी हवंय? पी, पण उठू नकोस आता. झालंच आहे.

धाकटीला हे कसं सांगायचं? मी चार दिवस तिचा फोन टाळला. हो, टाळला, खोटं कशाला बोलू. दोन डिसेंबरला रात्री तिचाच फोन आला. मी सांगून टाकलं.  

मग म्हणाली, "काका… काल रात्री गुपचूप तिला विचारत होती. बूट घालू का, म्हणून."

"म्हणजे?"

"मी आज विचारलं तिला. तर म्हणते, ती उद्या मला न्यायला येणार आहे. तिच्या घरी. काका, मी काय करू?"

मी साठ वर्षांचा माणूस. हजारो मैलांवर बसलेला. कुणाला तरी सांग म्हणालो. आणि म्हणालो, रात्री हात धरून बस तिचा. सोडू नकोस.

ती दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेली. मुलगी बोलते, म्हणाली. बाईंना आनंद झाला, त्या उठून उभ्या राहिल्या. कोणाशी बोलते, ते सांगायला लागली तर बाईंचा चेहरा बदलला. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि समजुतीनं म्हणाल्या, "तुला इथं येऊन तीन आठवडे झालेत. झोप होत नाही ना तुझी? पहिल्यांदा असं होतं." रात्री तिच्याजवळ बसू द्या म्हणाली, तर नाही म्हणाल्या. नियम. आणि त्यांचंही काय चुकलं? त्यांनी तीस मुलं रडताना पाहिली होती, दर सहा महिन्यांनी.

शेवटी रात्रपाळीच्या मावशींना दया आली. म्हणाल्या, "जा बस. मी बघितलं नाही."

तीन डिसेंबर. बुधवारचीच रात्र.

धाकटी खाटेशेजारी जमिनीवर बसली. गुपचूपचा उजवा हात तिनं स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. बाहेर बोळात मावशींच्या सुयांचा आवाज येत होता. पोरगी लगेच झोपली. इतक्या दिवसांत एवढी शांत कधी झोपली नव्हती. एक वाजला. दीड वाजला. दोन.

सुया थांबल्या.

धाकटीनं बोळाकडे बघितलं. मावशी मान टाकून झोपल्या होत्या.

दोन दहा.

गुपचूपनं डोळे उघडले.

"आलीस?"

शांत.

धाकटीनं पायथ्याकडे बघितलं. काही नव्हतं. खाट, पांघरूण, भिंत. पण मला म्हणाली, काका, मधली शांतता नुसती शांतता नव्हती. तिला लांबी होती. कुणीतरी एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.

"हो. तयार आहे मी."

शांत.

"ताईनं हात धरलाय."

आता शांतता लांबली. बरीच.

मग पोरीनं मान वळवली. अगदी लाडात म्हणाली, "ताई, सोड ना."

"नाही राणी. झोप तू."

"ती म्हणते, तू दमलीयस. जाऊन झोप म्हणते."

"नाही."

शांत…

धाकटीला ओरडायचं होतं. मावशींना हाक मारायची होती. आवाज फुटेना. उठायचं होतं, पाय हलेना. फक्त दोन हात तिचे होते. तेवढे तिनं आवळून धरले.

गुपचूप ऐकत होती. मान हलवत होती. मग परत हिच्याकडे वळली. या वेळी हसत नव्हती.

"ताई… ती विचारते…"

"काय?"

"तू पण सहा महिन्यांनी जाणारच आहेस ना?"

…



पोर बघत होती. उत्तराची वाट बघत होती. 'नाही' म्हटलं असतं तर… पण याआधी एकीनं जाताना लेकराला गोड खोटं सांगितलं होतं. त्याचं काय झालं, ते समोर दिसत होतं. आणि 'हो' तरी कसं म्हणायचं?

ती काहीच बोलली नाही.

गुपचूपनं मान हलवली. समजलं, अशी. मग दुसऱ्या कुशीवर वळली, डोळे मिटले. हात हिच्या हातातच होता. गरम. सकाळी सहापर्यंत धाकटीनं तो सोडला नाही. उजाडलं. बाकीची मुलं उठली. कुणीतरी उशी फेकली, कुणी रडलं, रोजची सकाळ. धाकटीला वाटलं, आपण जिंकलो.

गुपचूप उठली नाही.

श्वास चालू होता. ताप नाही, काही नाही. हलवलं, पाणी मारलं. नाही उठली. गाडी आली, घेऊन गेले. धाकटी गाडीत चढायला गेली तर अडवलं तिला. स्वयंसेवकांना परवानगी नसते. मोठ्या बाई गेल्या बरोबर. ही कोटाच्या खुंट्यांपाशी उभी राहिली, गुपचूपच्या चित्राखाली. छोटे बूट तिथंच होते.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. तपासण्या सगळ्या चांगल्या. तीन रात्री तशीच झोपून होती. शनिवारी रात्री… झालं.

मोठ्या बाई परत आल्या आणि आत न जाता बाहेरच्या पायरीवर बसून राहिल्या. धाकटी त्यांच्याशेजारी बसली. आतून कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. साडेआठ वाजून गेले होते. बाई म्हणाल्या, "जा. घे उचलून."

धाकटीनं सहा महिने पूर्ण केले. मला वाटलं होतं, पहिल्या विमानानं परत येईल. नाही आली. मला फोनवर एवढंच म्हणाली, "हात मी सोडला नव्हता, काका. तू सांगितलं होतंस तसंच केलं."  

पण मला राहवेना. त्या आईला निदान सांगावं, तुमची मुलगी कुणाबद्दल बोलत होती ते. त्यांना कळायला हवं होतं. म्हणून पुढच्या मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी परत तिथं गेलो. जिन्यात सगळं जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, कुठं थांबायचं.

दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. जरा आत येऊन बघता का? कुणाला सांगायची सोय नाही. वेडी ठरवतील."

मुलीच्या खोलीत घेऊन गेल्या. पडदे ओढलेले. टेबल, कपाट, एक मोठी खाट. त्या दारातच थांबल्या.

"रोज रात्री मी चादर ताणून घालते. दाराला बाहेरून कडी लावते. सकाळी उघडलं की गादी दबलेली असते. ती गेली त्या दिवसापासून आहे हे. त्याचं मला काही वाटत नाही हो… आपलंच माणूस. पण रविवारपासून…"

"रविवारपासून काय?"

त्यांनी आत येऊन पडदा बाजूला केला.

पांढरी चादर होती. एका कडेला लांब खोलगट खूण. कुणीतरी कुशीवर झोपल्यासारखी.

आणि तिच्या पोटाशी…

एक छोटीशी. एवढीच.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.